कोकणातला अ‍ॅटलास नेमका कोण?

पावसाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक फोटो हमखास येतो. कुणाच्या तरी पडवीच्या भिंतीवर, मंदिराच्या खांबावर नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात पंख पसरून बसलेला, विटकरी-तपकिरी रंगाचा प्रचंड पतंग. खाली मथळा ठरलेला: ‘दुर्मिळ अ‍ॅटलास पतंग आढळला’. दोन दिवसांनी दुसऱ्या तालुक्यातून तसाच फोटो येतो, आणि मथळ्यातला ‘दुर्मिळ’ काही हटत नाही.

बातमी वाचणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न येतात. हा खरंच दुर्मिळ आहे का? जगातला सगळ्यांत मोठा पतंग हाच का? आणि आसाममध्ये, थायलंडमध्ये, जावामध्ये ‘अ‍ॅटलास’ म्हणून दाखवतात तो आणि कोकणातला हा, दोघे एकच का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चार ओळींत देता येतात. तिसऱ्यासाठी एक अख्खे प्रकरण लागते, कारण त्याच्या उत्तरात अडीचशे वर्षांचे वर्गीकरण गुंतलेले आहे.

१. आधी सोपे प्रश्न

सह्याद्रीच्या ओल्या जंगलात आणि बागायतीत हा पतंग चांगलाच टिकून आहे. तो दिसत नाही, याचे कारण त्याचे आयुष्य. कोषातून बाहेर पडलेल्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दहा दिवस काढतो, तेही बहुतेक रात्री. मादी एका जागी बसून गंध सोडते, आणि नर पिसासारख्या मिशांनी तो गंध हुंगत येतो. दिव्याला भुलून एखादा भिंतीवर आला, तर फोटो निघतो.

मोठेपणाचे म्हणाल, तर मोजायचे काय यावर उत्तर अवलंबून आहे. पंखांचा विस्तार मोजला तर दक्षिण अमेरिकेतला ‘थायसेनिया अ‍ॅग्रिपिना’ पुढे जातो. त्याचे पंख जवळजवळ ३० सेंटिमीटर पसरतात, पण ते अरुंद असतात. पंखांचे क्षेत्रफळ मोजले तर न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातला हर्क्युलिस पतंग आणि आशियातला अ‍ॅटलास यांच्यात चुरस आहे.

२. हजेरीपटातले नाव

तिसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी शास्त्रीय नाव वाचता आले पाहिजे. अ‍ॅटलास पतंगाचे पूर्ण नाव ‘अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास’. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी लिहितात, तसेच हे. ‘अ‍ॅटॅकस’ हे आडनाव, म्हणजे प्रजाती. ‘अ‍ॅटलास’ हे त्या घरातल्या एकाचे नाव, म्हणजे जाती. रोजच्या बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, पण या प्रकरणात जाती लहान आणि प्रजाती मोठी. प्रजातींचा समूह म्हणजे गण, आणि त्याहून मोठे ते कुल. अ‍ॅटॅकसचे कुल ‘सॅटर्निइडी’. टसर, मुगा, इरी हे रेशीम देणारे पतंग याच कुलातले. तुतीवर पोसला जाणारा रेशीमकिडा मात्र वेगळ्या कुलातला.

आडनावाच्या या उपमेत एक खाच आहे आणि ती कामाची आहे. गावोगावचे सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात. ते आडनाव हुद्द्यावरून आले, आणि शंभर गावांत शंभर वेगवेगळ्या घराण्यांना चिकटले. आडनाव सारखे म्हणून रक्त सारखे असे तिथे म्हणता येत नाही. जीवशास्त्रात मात्र प्रजातीचे नाव देणारा नेमका रक्ताचाच दावा करत असतो. या सगळ्या जाती एकाच पूर्वजापासून आल्या आणि बाहेरच्या कुणापेक्षाही एकमेकांना जवळच्या आहेत, असे तो म्हणतो. हा दावा चुकू शकतो, आणि अ‍ॅटॅकसच्या बाबतीत तो पुन्हा पुन्हा चुकला.

नावापुढे बहुधा एक माणूस आणि एक वर्षही लिहिलेले असते, आणि वाचक ते ओलांडून पुढे जातो. दोन नमुने बघा: ‘अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास (लिनियस, १७५८)’ आणि ‘अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस मूर, १८८२’. पहिल्यात कंस आहे, दुसऱ्यात नाही. ही छपाईची चूक वाटेल, पण कंसाला अर्थ आहे. या माणसाने जातीला नाव दिले तेव्हा तिचे आडनाव वेगळे होते, पुढे कुणीतरी ते बदलले, असा. फ्रेडरिक मूरने श्रीलंकेतल्या पतंगांवर लिहिताना टॅप्रोबॅनिसला सुरुवातीपासूनच अ‍ॅटॅकस म्हटले, म्हणून तिथे कंसाची गरज पडली नाही. शास्त्रीय नावांच्या यादीत कंस किती आहेत हे नुसते मोजले, तरी त्या गटात घरे किती बदलली याचा अंदाज येतो.

३. लिनियसचे पाटील

१७५८ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावे दिली. प्राण्यांच्या नावांची कायदेशीर सुरुवात याच वर्षापासून मानतात. एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिली असतील, तर आधीचे टिकते आणि नंतरचे बाद होते.

लिनियसने जवळजवळ सगळे पतंग ‘फॅलिना’ या एकाच प्रजातीत घातले. अ‍ॅटलासही त्यातच. पण फॅलिनाची गर्दी त्यालाही झेपेनाशी झाली असावी. १७६७ च्या बाराव्या आवृत्तीत त्याने तिच्या पोटात ‘अ‍ॅटॅकस’ नावाचा एक गट केला आणि मोठमोठे, पंख पसरून बसणारे पतंग त्यात टाकले. अ‍ॅटलास त्यात होताच. अमेरिकेतला सिक्रोपिया होता, शेपटीचा हिरवा ल्यूना होता, आणि टसरच्या पतंगांशी नाते सांगणारा पॅफियाही होता.

हा गट हुद्द्यावरून केलेला होता. आकाराने मोठा आणि अंगाने भारदस्त, म्हणून अ‍ॅटॅकस. लिनियसला दोष देण्यात अर्थ नाही. डार्विनचे उत्क्रांतीवरचे पुस्तक यायला अजून सुमारे ९० वर्षे होती, आणि त्याच्या हातात होते ते जहाजांतून आलेले, मिशा तुटलेले, रंग उडालेले मोजके नमुने.

पुढची दीडशे वर्षे दोन गोष्टी एकाच वेळी चालू राहिल्या. जगभरातून मोठे पतंग सापडत गेले, आणि शोधणारे त्यांना अ‍ॅटॅकसमध्ये भरत गेले. दुसरीकडे जरा बारकाईने बघणारे लोक त्यांना तिथून बाहेर काढत गेले. ल्यूना ‘अ‍ॅक्टियास’मध्ये गेला. टसरवाले ‘अँथेरिया’त गेले. सिक्रोपिया ‘हायलोफोरा’त. ऑस्ट्रेलियातला हर्क्युलिस १८७६ साली अ‍ॅटॅकस म्हणून जन्मला आणि तीनच वर्षांत तयार झालेल्या ‘कॉसिनोसेरा’ या प्रजातीत राहायला गेला. दक्षिण अमेरिकेतले, हुबेहूब छोट्या अ‍ॅटलाससारखे दिसणारे पतंग १८९६ साली ‘रॉथ्सचाइल्डिया’ झाले. हिमालयातला एडवर्ड्सी हा गडद चॉकलेटी रंगाचा पतंग १८५९ पासून अ‍ॅटॅकस होता. त्याच्यासाठी १९१४ साली ‘आर्किअ‍ॅटॅकस’ हे वेगळे घर बांधले गेले.

म्हणजे वाटण्या होत होत मूळ वाड्यात फारच थोडे लोक उरले.

४. खिडक्या कुठे पाहायच्या

वाटण्या कशाच्या आधारावर झाल्या? सामान्य वाचकालाही घरबसल्या पाहता येईल अशी एक खूण आहे. या पतंगांच्या प्रत्येक पंखाच्या मध्यावर एक ठिपका असतो, आणि त्या ठिपक्यावर खवले नसतात. पतंगाच्या पंखाचा सगळा रंग म्हणजे धुळीसारखे बारीक खवले. ते नसले की उरतो तो काचेसारखा पारदर्शक पडदा. इंग्रज अभ्यासकांनी या जागेला खिडकी म्हटले, आणि मराठीतही तोच शब्द चालून जातो.

समजा, रत्नागिरीकडच्या एका गावात भिंतीवर मोठा पतंग बसला आहे. खिडकी गोल, आणि तिच्याभोवती रंगीत कडी असल्याने डोळ्यासारखी दिसते? मग तो अँथेरिया, टसरच्या घरातला. पंख फिकट हिरवे आणि मागे लांब शेपट्या? अ‍ॅक्टियास. खिडकी चंद्रकोरीसारखी वाकडी आणि लांबट? मग ‘सॅमिया’, इरी रेशमाच्या घरातला. खिडकी मोठी आणि त्रिकोणी, आणि पुढच्या पंखाचे टोक बाहेर काढून सापाच्या डोक्यासारखे वळवलेले? आता अ‍ॅटॅकस म्हणायला हरकत नाही.

सॅमिया, अ‍ॅटॅकस, आर्किअ‍ॅटॅकस, हर्क्युलिसची कॉसिनोसेरा, आफ्रिकेतली ‘एपिफोरा’, अमेरिकेतल्या रॉथ्सचाइल्डिया आणि हायलोफोरा यांना आज ‘अ‍ॅटॅसिनी’ या एका गणात ठेवतात. लिनियसच्या गटातले काही जण खरेच भाऊबंद निघाले, फक्त चुलत. अँथेरिया आणि अ‍ॅक्टियास मात्र त्या घराण्यातले नव्हतेच.

५. बेटांवरचे चौदा

प्रजातीची हद्द अशी आवळली गेली, तरी आत नेमक्या जाती किती हा प्रश्न उरलाच. इथे मोठा वाटा बेटांचा आहे, आणि वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या इंग्रज धनिकाचा. बँकर घराण्यात जन्मलेल्या या माणसाला बँकेत रस नव्हता. त्याने ट्रिंग गावी स्वतःचे संग्रहालय उभारले आणि जगभर नमुने गोळा करणारी माणसे पाठवली. त्यांपैकी विल्यम डोहर्टी हा अमेरिकी संग्राहक इंडोनेशियाची बेटे पालथी घालत होता. तो १९०१ मध्ये आफ्रिकेत आजारपणात वारला, पण तिमोर बेटावरच्या अ‍ॅटॅकसला रॉथ्सचाइल्डने १८९५ मध्ये दिलेले ‘डोहर्टी’ हे नाव राहिले. त्याच वर्षी केई बेटांवरचा ‘ऑरँटियॅकस’ आला, १९१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाचा ‘वॉर्डी’. फिलिपिन्समधून ‘सीझर’ आणि ‘लॉर्क्विनी’, सुलावेसीतून ‘एरेबस’, अंदमानातून ‘मॅकमुलेनी’ अशी भर पडत राहिली.

ही नावे एखाद्या टपालतिकिटांच्या वहीसारखी साठत गेली. कुणाला जाती मानायचे आणि कुणाला नुसते स्थानिक रूप, यावर एकमत नव्हते. १९८९ साली अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ रिचर्ड पाइग्लर यांनी संपूर्ण प्रजातीची फेरतपासणी प्रसिद्ध केली आणि १४ जाती मान्य केल्या. पंखांचा रंग फसवा असतो, कारण एकाच मादीची पिल्ले कमी-अधिक गडद निघू शकतात. म्हणून अशा तपासणीत खिडकीचा आकार आणि पंखावरच्या रेषांबरोबर नराच्या पोटाच्या टोकाशी असलेले जननेंद्रियही पाहतात. ते टोक कापून पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. मांस विरघळते आणि कठीण कवचाचे आकडे, पाकळ्या, टोके शिल्लक राहतात. हे भाग मादीच्या अवयवाशी जुळावे लागतात, म्हणून जातीजातीत ते वेगळे असतात, ही कल्पना फ्रेंच डॉक्टर लिओं द्युफूरने १८४४ मध्ये मांडली होती. ती प्रत्येक गटात तंतोतंत लागू पडत नाही, तरी ओळख पटवायला या अवयवांइतका भरवशाचा पुरावा बाह्य अंगावर क्वचितच मिळतो.

या १४ जाती नकाशावर मांडल्या की एक गंमत दिसते. एकट्या अ‍ॅटलासने हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, दक्षिण चीन, मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ एवढा मुलूख व्यापला आहे. उरलेल्या बहुतेक जाती एकेका बेटात किंवा बेटांच्या छोट्या पुंजक्यात अडकलेल्या. असे का?

हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. सुमात्रा, जावा, बोर्निओ यांच्यामधला समुद्र उथळ आहे, त्यामुळे तेव्हा ही बेटे आशियाच्या भूमीला जोडलेली होती. अ‍ॅटलासला तिथे पोचायला पाणी ओलांडावे लागले नाही, आणि त्याची वस्ती एकसंध राहिली. सुलावेसी, तिमोर, केई यांच्याभोवती मात्र खोल समुद्र आहे. पाणी कितीही उतरले तरी ती बेटेच राहिली. जो पतंग काही खात नाही आणि आठवडाभरात मरतो, त्याला समुद्र ओलांडणे क्वचितच जमणार. ज्याच्या पूर्वजांना वाऱ्याने एकदा पलीकडे नेले, तो तिथेच वेगळा होत गेला.

६. तर मग कोकणातला कोण?

आता भिंतीवरच्या त्या पतंगाकडे येऊ. मूरने श्रीलंकेतून वर्णन केलेल्या टॅप्रोबॅनिसला पुढे अनेक दशके अ‍ॅटलासचेच एक रूप समजले गेले. पाइग्लरांच्या मांडणीत ती स्वतंत्र जाती ठरली, आणि तिचा मुलूख श्रीलंका व दक्षिण भारत. श्रीलंका बेट असूनही तिथली जाती भारतातही कशी, याचे उत्तर वरच्याच हिशेबात आहे. पाल्कची सामुद्रधुनी इतकी उथळ आहे की पातळी खाली गेली तेव्हा रामेश्वरहून पलीकडे जमीन होती. अंदमानच्या भोवती तशी उथळ वाट नाही, म्हणून तिथला मॅकमुलेनी वेगळा.

केरळ, कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्राच्या सह्याद्रीत दिसणारा पतंग हा टॅप्रोबॅनिस. बातमीत ‘अ‍ॅटलास पतंग’ म्हणणे बोलीभाषेतले नाव म्हणून चुकीचे नाही. गडबड होते ती कंसात ‘अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास’ असे शास्त्रीय नाव टाकल्यावर. ते गुवाहाटीच्या पतंगाला शोभते, गुहागरच्या नाही. आणि पूर्व घाट, ओडिशा, छत्तीसगड अशा मधल्या पट्ट्यातला फोटो असेल, तर नुसत्या चित्रावरून जातीचे नाव न लिहिलेलेच बरे. ‘अ‍ॅटॅकस’ एवढे लिहून थांबता येते. शास्त्रज्ञही तसे थांबतात, त्यात कमीपणा नाही.

७. ६५८ अक्षरांची चाचणी

२००३ नंतर वर्गीकरणात एक नवे हत्यार आले. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हिबर्ट यांच्या गटाने सुचवले, की प्रत्येक प्राण्याच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा छोटा तुकडा वाचावा आणि तो ओळखपत्रासारखा वापरावा. हा तुकडा सुमारे ६५८ अक्षरांचा असतो. अक्षरे चारच, पण त्यांचा क्रम बदलतो. पतंगाचा एक पाय तोडून घेतला तरी काम भागते.

हिशेब करून पाहू. दोन पतंगांच्या तुकड्यांत २ टक्के फरक असेल, तर ६५८ पैकी साधारण १३ अक्षरे वेगळी आहेत. पतंगांत अनेकदा एका जातीच्या आतला फरक याहून कमी आणि दोन जातींमधला याहून जास्त निघतो. म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या आसपास कुठेतरी रेघ मारायची पद्धत पडली.

या चाचणीमुळे सॅटर्निइडी कुलात नव्या नावांचा अक्षरशः पाऊस पडला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत या कुलातल्या जाती ३,४०० च्या वर गेल्या आहेत. अ‍ॅटॅकसमध्येही १९८९ नंतर सुपर्मानी, पॉकस्टाड्टोरम, सेलायारेन्सिस अशी भर पडून आकडा वीसच्या आसपास आला आहे. सगळ्यांना ही वाढ पटलेली नाही, आणि शंकेला आधार आहे. हा तुकडा पेशीतल्या अशा भागातून येतो, जो फक्त आईकडून मिळतो. बापाचा इतिहास त्यात नाही. शिवाय एका बेटावरचे दोन आणि शेजारच्या बेटावरचे तीन नमुने वाचून रेघ मारली, तर मधले नमुने मिळाल्यावर ती पुसट होऊ शकते. १३ अक्षरे हा इशारा म्हणून चांगला आहे. निकाल म्हणून तो एकटा पुरत नाही, त्याच्या जोडीला खिडकी, जननेंद्रिय, अळी, मुलूख हे सगळे लागते.

८. एरंडाच्या पानावरचा चुलत भाऊ

नावाचे हेलपाटे सगळ्यांत जास्त कुणी खाल्ले असतील, तर इरी रेशमाच्या पतंगाने. आसामात घरोघरी एरंडाच्या पानांवर वाढवला जाणारा हा किडा जुन्या लिखाणात ‘अ‍ॅटॅकस रिसिनी’ आहे. नंतर कित्येक वर्षे भारतीय पाठ्यपुस्तकांत तो ‘फिलोसॅमिया रिसिनी’ होता, आणि त्या पिढीतले शिक्षक आजही तेच नाव सांगतात. पुढे ‘सॅमिया सिंथिया रिसिनी’ आले, म्हणजे सिंथिया या रानटी जातीची एक उपजाती. २००३ मध्ये पाइग्लर आणि श्टेफान नाउमान यांनी सॅमिया प्रजातीची फेरतपासणी केली. हा किडा माणसाने कॅनिंगी नावाच्या रानटी जातीपासून घडवला, असे त्यांनी मांडले आणि त्याला ‘सॅमिया रिसिनी’ हे सुटे नाव ठेवले. पिढ्यान्‌पिढ्या घरात राहून त्याचे उडणे जवळजवळ संपले आहे, माणसाशिवाय तो जगत नाही.

मग गुणसूत्रे मोजणाऱ्यांनी वेगळाच पेच पुढे आणला. माणसात लिंग ठरवणारी वेगळी जोडी पुरुषाकडे असते, पतंगांत ती मादीकडे. इरीच्या नरात २८ गुणसूत्रे असतात आणि मादीत २७, कारण मादीचे एक लिंगसूत्र नाहीसेच झाले आहे. जपानमध्ये साप्पोरोच्या परिसरातल्या सॅमियात नर-मादी दोघांतही २६. नागानोकडच्या सॅमियात नरात २६ आणि मादीत २५. मधल्या काळात काही गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली, म्हणून आकडे बदलले.

मोजणी इतकी वेगळी, म्हणजे या तीन जाती म्हणायला हरकत नसावी. पण प्रयोगशाळेत इरी आणि जपानी पतंग यांचा संकर करता येतो, त्यांना पिल्ले होतात. संकर होतो त्या एका जातीतल्याच, अशी जुनी शालेय व्याख्या लावली तर या सगळ्यांना एकत्र करावे लागेल. बाह्यरूप, कोष आणि मुलूख पाहणारे त्यांना वेगळे ठेवतात. गुणसूत्रांवर काम करणाऱ्या जपानी संशोधकांच्या लेखांत साप्पोरोचा, नागानोचा आणि इरीचा पतंग हे तिघेही सिंथियाच्या उपजाती म्हणून येतात, तर पाइग्लर-नाउमान यांच्या मांडणीत इरी स्वतंत्र उभा आहे. त्यामुळे इरीवरचे दोन शोधनिबंध शेजारी ठेवले, तर एकाच किड्याची दोन नावे वाचायला मिळतात.